चतुर, वाघूळ आणि आपल्या आवारातली चिंच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आणि विषय माझ्यावर सोडला. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईवर विषय सोडला की काय होते, ते आता तुम्ही भोगा!

आपल्या वेळच्या विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा: फरक स्पष्ट करा. मध्ये उभी रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. चार मुद्दे लिहिले की चार गुण. आज मी तोच प्रश्न सोडवायला घेतला आहे. डावीकडे चतुर, उजवीकडे वाघूळ.

हा विषय उगाच निवडलेला नाही. दुपारच्या बैठकीत आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेच्या मागच्या आवाराचे काय करायचे, ते ठरायचे आहे. तिथली चिंच पाडून पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि जुनी विहीर स्लॅब टाकून बंद करावी, असा एक प्रस्ताव आहे. माझे बोलणे फिरून तिथे जाणार आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी गोष्टी सांगता सांगता आपला मुद्दा घुसवला.

आधी पात्रपरिचय. चतुर तुम्हा सर्वांच्या ओळखीचा. पोळ्यानंतर मोकळ्या मैदानावर थव्याने तरंगणारा, चार पारदर्शक पंखांचा, मोठ्या डोळ्यांचा. त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवणारे वीर आजही या मंडपात बसलेले आहेत. नावे घेत नाही. वाघूळही ओळखीचे. दिवसा झाडाला उलटे टांगलेले, तिन्हीसांजेला संथपणे पंख मारत निघणारे. ही फळे खाणारी मोठी वाघळे. जुन्या वाड्यात, देवळात राहणारी छोटी पाकोळी बहुतेक किडे खाते; तिचे घराणे वेगळे.

या दोन गटांत मिळून जगात हजारो जाती आहेत. त्यांतल्या दोन मी आज निवडल्या आहेत. दोन्ही आपल्या खानदेशातल्या नव्हेत, दोन्ही सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या. एक आहे सलीम अलींच्या नावाचे फळखाऊ वाघूळ, शास्त्रीय नाव लॅटिडेन्स सलीमअली. दुसरा आहे इडिओनिक्स गॅलिएटा नावाचा चतुर. त्याला मराठीत नाव नाही. बिचाऱ्याची आणि आपल्या भाषेची कधी गाठच पडलेली नाही. आययूसीएन ही जागतिक संस्था सजीवांची एक लाल यादी ठेवते. कुठली जात सुखरूप, कुठली धोक्यात, ते त्या यादीत लिहिलेले असते. या दोघांच्याही नावापुढे तिथे एकच शेरा आहे: संकटग्रस्त.

आता समोर बसलेल्या शिक्षकांनी मला साक्ष द्यावी. प्रगतिपुस्तकात ‘अधिक लक्ष देणे आवश्यक’ असा शेरा तुम्ही वर्गातल्या दोन मुलांना देता. एकाला फळ्यावरचे दिसत नसते, त्याला चष्मा हवा असतो. दुसरा कापूस वेचणीच्या दिवसांत महिनाभर शेतावर असतो, त्याच्या घरच्यांशी बोलावे लागते. शेरा एकच, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. या दोन प्राण्यांचे नेमके तसे आहे. आजच्या वीस मिनिटांत मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचे सगळे त्याचे पुरावे.

पहिला मुद्दा: शोध.

1948 साली तमिळनाडूतल्या मेघमलईच्या डोंगरात, ज्यांना इंग्रज ‘हाय वेव्ही माउंटन्स’ म्हणत, अँगस हटन नावाच्या एका चहामळेवाल्या निसर्गप्रेमी माणसाने एक वाघूळ पकडले. त्याचा नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आला. तिथे त्याला आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या आखूड नाकाच्या फळखाऊ वाघळाची चिठ्ठी लागली आणि तो खणात गेला. वीस-बावीस वर्षे तो तसाच पडून होता. 1970च्या सुमारास किट्टी थोंगलोंग्या नावाचे थायलंडचे संशोधक तो संग्रह तपासत असताना त्यांना हे काही वेगळेच असल्याचे जाणवले. आखूड नाकाच्या वाघळाला छोटीशी का होईना शेपूट असते. याला बाहेर दिसणारी शेपूटच नव्हती. पुढच्या दातांची संख्याही जुळेना. 1972 साली त्यांनी ही नवी जात जाहीर केली. नुसती जात नव्हे, तिच्यासाठी नवे कुळनामही करावे लागले. लॅटिडेन्स म्हणजे रुंद दातांचे. पुढचे नाव सोसायटीचे आधारस्तंभ डॉ. सलीम अली यांच्यावरून दिले. जिवंत वाघूळ पुन्हा शास्त्रज्ञांच्या हाती लागायला मात्र 1993 साल उजाडले, आणि तेही त्याच डोंगरात.

तुम्हाला वाटेल, हे सगळे दूर तिकडे मद्रासकडे झाले. खणातल्या चिठ्ठीची आणखी एक गोष्ट आहे आणि ती थेट आपल्या घरची आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड. 1880च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर तो पक्षी कुणाला दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. मधल्या काळात मायनर्टझॅगन या नामांकित पक्षितज्ज्ञाने 1914 साली गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला आणि लोक तिकडे शोधत बसले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलर यांनी सिद्ध केले की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता; संग्रहालयातून उचलून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेनबाईंनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदींवर भरवसा ठेवला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! शहादा तेव्हा आपल्या धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो 1998 साली. ‘जळगाव’चे ‘जयगाव’ आणि ‘धुळे’चे ‘धुये’ करणाऱ्या आपल्या मुलखाला नावे बदलल्याचे नवल नाही. पण चिठ्ठी बदलली की शंभर वर्षे एक पाखरू हरवते, हे आपल्याच मातीत घडलेले आहे.

आता डावीकडचा चतुर. त्याचे नामकरण 1924 साली फ्रेझर यांनी केले. फ्रेझर पेशाने सरकारी डॉक्टर. नोकरी सांभाळून त्यांनी भारतातल्या चतुरांचा एवढा अभ्यास केला की 1933 ते 1936 या काळात निघालेले त्यांचे तीन खंड आजही या विषयाचा पाया मानले जातात. गॅलिएटा म्हणजे शिरस्त्राण घातलेला. हा चतुर आपल्या मैदानावरच्या चतुरासारखा उन्हात मिरवत नाही. डोंगरातल्या दाट सावलीच्या ओढ्यांकाठी राहतो आणि त्याच्या भाऊबंदांची उडायची आवडती वेळ म्हणजे संधिप्रकाश. इंग्रजीत या गणाला सावलीत नाचणारे अशा अर्थाचे नाव आहे. त्याची नोंद मोजक्या ठिकाणांहून आहे.

म्हणजे वाघूळ हरवले ते खणात. चतुर हरवतो तो सावलीत, कारण त्याच्याकडे बघायला जाणारेच फार थोडे. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या सजीवांचा एकत्रित आढावा 2011 साली निघाला, तेव्हा तिथल्या चतुर-टाचण्यांच्या बऱ्याच जातींपुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा होता. ‘सुखरूप’ आणि ‘माहिती अपुरी’ हे फार वेगळे शेरे आहेत, हे गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण न देता ‘गैरहजर’ लिहिणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको.

दुसरा मुद्दा: गणित.

फळखाऊ वाघळाची मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते. ते पिल्लू छातीशी धरून आई त्याला वाढवते. त्या बदल्यात वाघूळ आकाराच्या मानाने पुष्कळ जगते. आपल्या गावागावांत दिसणाऱ्या मोठ्या वाघळाची पिंजऱ्यात तीस वर्षे जगल्याची नोंद आहे. थोडी मुले, लांब आयुष्य. जवळजवळ आपल्यासारखेच. मग एखाद्या झाडावरची शंभर मोठी वाघळे कुणी एका रात्रीत मारली किंवा हाकलली, तर ती वस्ती भरून यायला कितीतरी वर्षे लागतात. दर वर्षी एक, तेही जगले तर.

चतुराचे उलटे. एक मादी शेकडो अंडी घालते. त्यांतली बहुतेक पिल्ले मासे, बेडूक आणि इतर किडे खाऊन टाकतात, आणि तरी जात चालत राहते. चतुराचे बालपण पाण्यात जाते. पंख नाहीत, कल्ल्यांनी श्वास घ्यायचा, डासांच्या अळ्या मटकावायच्या. जातीनुसार हे काही आठवडे चालते किंवा काही वर्षेही. मग एके दिवशी काडीवर चढायचे, कातडी फोडायची, पंख सुकवायचे आणि उडायचे. उडते आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे. आपण ज्याला चतुर म्हणतो तो त्याचा जवळजवळ निवृत्तीचा काळ आहे. नोकरी सगळी पाण्यात झालेली असते.

म्हणून दोरा बांधून उडवणाऱ्या आपल्या वीरांमुळे चतुरांची जात संपली नाही. दहा काय, शंभर चतुर पकडले तरी पुढच्या हंगामात तेवढे पुन्हा असतात. पण ओढा एका उन्हाळ्यात आटला, त्याच्या काठची झाडे गेली आणि पाणी तापले, त्यात रासायनिक फवारणीचे पाणी उतरले, तर एकाही चतुराला हात न लावता सगळे संपतात. वाघळाला माणसाच्या हातापासून जपावे लागते. चतुराला जपायचे तर त्याचे पाणी जपावे लागते.

तिसरा मुद्दा: कायदा.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्यांची परिशिष्टे आहेत. सलीम अलींचे वाघूळ पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीत. पण त्याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, कावळा, उंदीर आणि घुशींबरोबर बाकीची फळखाऊ वाघळे होती. उपद्रवी म्हणजे मारले तरी गुन्हा नाही. एका पंगतीत पहिला पाट आणि दुसऱ्या पंगतीत बाहेरची पायरी, असे एकाच घराण्यातल्यांचे झाले होते. पन्नास वर्षांनी, 2022च्या दुरुस्तीने ती उपद्रवी यादीच काढून टाकली आणि आपल्याकडचे मोठे वाघूळ दुसऱ्या परिशिष्टात संरक्षित झाले. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू आहे. आपल्या चिंचेवर बसते ते हेच वाघूळ. दुपारच्या बैठकीपूर्वी एवढे माहीत असलेले बरे.

चतुरांपैकी या कायद्यात आधीपासून नाव होते ते हिमालयातल्या एका अतिप्राचीन जातीचे. समजा, उद्या गॅलिएटाचेही नाव घातले, तर काय होईल? त्याला पकडणाऱ्याचा हात कायदा धरील. पण त्याला पकडतो कोण? ओढ्याच्या वरच्या अंगाची झाडी कुणी तोडली, पाणी कुणी वळवले, याची दाद त्या परिशिष्टात मागता येत नाही. तिथे जंगल, पाणी आणि जमीन यांचे नियम लागतात आणि ते पाळणारी माणसे लागतात. वाघळाला कायद्याने जो आधार मिळाला, तो चतुराला तेवढ्याने मिळणार नाही.

चौथा मुद्दा: कामधंदा.

सलीम अलींचे वाघूळ वड-उंबराच्या कुळातली आणि रुद्राक्षाच्या कुळातली रानफळे खाते. फळखाऊ वाघळे फळ चघळतात, रस गिळतात, चोथा थुंकतात, आणि बिया कोसभर दूर नेऊन टाकतात. सातपुड्यातल्या मोहाची फुले रात्री उमलतात, गळतात. त्या फुलांवर वाघळे येतात, परागकण नेतात, पुढे फळेही खातात आणि बी पसरवतात. कडुनिंब, जांभूळ, उंबर, देशी बदाम, सगळ्यांच्या बियांचा हा फुकट टपाली. केळीवाल्यांनी घाबरू नये. आपण घड हिरवाच उतरवतो, आणि वाघळाला पिकलेले लागते. आपल्या केळीला बी नसते, त्यामुळे तिला परागीभवनाची गरज नाही; पण केळीच्या रानटी पूर्वजांची फुले वाघळांनीच जोपासली.

चतुराचे काम दोन पाळ्यांत चालते. पाण्यात असताना डासांच्या अळ्या, हवेत असताना उडते डास आणि चिलटे. शिवाय तो पाण्याचा परीक्षक आहे. पाण्याची नळी, बाटली, रसायन काही न लागता, कुठल्या ओढ्यावर कुठले चतुर आणि कुठल्या टाचण्या दिसतात एवढ्यावरून जाणकार माणूस त्या पाण्याची तब्येत सांगतो. 2021 साली आययूसीएनने जगातल्या चतुर-टाचण्यांच्या 6,016 जातींचा आढावा पूर्ण केला; त्यांतल्या 16 टक्के धोक्यात निघाल्या. ओढे-नाले, पाणथळ जागा नाहीशा होणे हे त्याचे मोठे कारण.

इथे परीक्षेचे चार मुद्दे संपले. चार गुण मिळाले. पण आपल्या बाई म्हणायच्या तसे, फरक लिहून झाला की साम्यही सांगता आले पाहिजे.

वाघूळ झाडाचे आणि चतुर पाण्याचा, असे आतापर्यंत मी सांगितले. पण उन्हाळ्यात बघा. आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. झाडावरची मोठी वाघळे पंखांनी स्वतःला वारा घालतात, अंग चाटून ओले करतात आणि संध्याकाळी उडता उडता नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर पोट टेकवून जातात. कडक उष्म्यात वाघळे पटापट मरून पडल्याच्या घटना भारतातही आहेत आणि ऑस्ट्रेलियातही. म्हणजे झाडाच्या वाघळाला पाणी लागते. आणि सावलीत नाचणाऱ्या त्या चतुराला ओढ्यावर झाड लागते. सावली गेली की त्याचे पाणी तापते. फरक स्पष्ट करता करता दोघे एकाच काठावर येऊन उभे राहतात.

आता आपला काठ.

आपण तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी, अनेर यांच्या काठची माणसे. पांझरेवर बंधारे बांधून, पाट काढून, सगळ्या गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके चालवली. त्या बंधाऱ्यांच्या मागे साचलेले पाणी आणि पाटांचे काठ हे चतुर-टाचण्यांचे हक्काचे घर होते. कुणी ते चतुरांसाठी बांधले नव्हते. आज नदीपात्रातली वाळू उपसून डोह गेले. यावल-रावेरकडे विहिरी आणि बोअर खोल खोल जात राहिल्या. ठिबक आले, ते चांगलेच झाले, थेंब थेंब वाचला. पण वाचलेला थेंब नदीत न जाता आणखी चार बागांकडे गेला. मी कुणाला दोष देत नाही. माझ्या माहेरीही केळीच आहे. मी एवढेच सांगते आहे की पाण्यातले बालपण ज्यांचे असते, त्यांना जागा उरलेली नाही.

तरीही पोळ्यानंतर मैदानावर चतुर दिसतात, हे मघाशी मीच म्हटले. ते बहुधा भटके चतुर, पँटाला फ्लेव्हेसेन्स. पावसाच्या डबक्यात पाच-सहा आठवड्यांत वाढून मोकळे होतात. हेच चतुर भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या संशोधकाने 2009 साली मांडले. असा जगाचा प्रवासी आपल्या मैदानावर येतो याचा अभिमान जरूर बाळगा. पण त्याला बघून ‘चतुर तर पुष्कळ आहेत’ असा निष्कर्ष काढू नका. एक हुशार मुलगा कुठेही शिकतो. त्यावरून शाळा चांगली चालली आहे, असे मुख्याध्यापक म्हणत नाहीत. ज्यांना वर्षभर टिकणारे, सावलीतले पाणी लागते, ते चतुर दिसतात का, ते बघावे लागते.

आता चिंच आणि विहीर.

चिंचेविषयीच्या तक्रारी खऱ्या आहेत. तिच्याखाली सायकली ठेवता येत नाहीत. वास येतो. पालकांना निपाहची भीती वाटते, आणि ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. 2018 साली कोझिकोडमध्ये निपाहने 17 माणसे गेली. मोठी वाघळे हे या विषाणूचे नैसर्गिक घर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या दुसऱ्या जातीच्या वाघळांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा शोधल्या, हेही खरे. म्हणून नियम पाळायचे. उष्टे, चोच-दात लागलेले फळ खायचे नाही. खाली पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलायचे नाही. उघड्या मडक्यातली ताडी-शिंदी प्यायची नाही. बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातूनच हा रोग पुन्हा पुन्हा माणसांत आला. पण झाड पाडून वाघळे संपत नाहीत. घाबरलेली, उपाशी वाघळे चार दिशांना पांगतात आणि माणसांच्या आणखी जवळ येऊन बसतात. ताणात असलेल्या वाघळांच्या अंगातून विषाणू अधिक बाहेर पडतो, असे संशोधक सांगतात. म्हणजे ज्या भीतीने झाड पाडायचे, तीच भीती गावभर वाटून द्यायची.

माझा प्रस्ताव साधा आहे. सायकल स्टँड चिंचेखालून काढून पुढच्या भिंतीलगत, पत्र्याच्या शेडखाली न्यावा. त्याचा खर्च पेव्हर ब्लॉकपेक्षा जास्त येणार नाही; आपल्यातल्या कंत्राटदार मित्रांनी हिशोब करून बघावा. चिंचेभोवती फांद्यांच्या घेरापर्यंत गुडघाभर उंचीचे कुंपण घालावे, आत मुलांनी जायचे नाही. झाडाखालची माती तशीच राहू द्यावी. पेव्हर ब्लॉकखाली मुळांना पाणी मिळत नाही, आणि दहा वर्षांनी झाड आपोआप वाळले म्हणून आपणच हळहळू.

विहिरीचा धोका तर आणखी खरा. लहान मुले आहेत, कठडा मोडका आहे. माझेही म्हणणे आहे की ती उघडी राहता कामा नये. पण स्लॅबऐवजी कठडा नीट बांधून वर लोखंडी जाळी, तिला कुलूप, एवढे केले तर मूलही पडणार नाही आणि पाण्याला उजेड-वाराही मिळेल. छपराचे पन्हाळीचे पाणी गाळून तिच्यात सोडले तर उन्हाळ्यात ती आटणार नाही. जाळीचे घर हाताच्या बोटापेक्षा मोठे ठेवा, म्हणजे चतुराला आत-बाहेर करता येईल. आणि डासांची काळजी ज्यांना वाटते त्यांना सांगते, चतुराची अळी आणि दोन-चार गप्पी मासे हे काम तुमच्या धुराच्या मशीनपेक्षा नेमाने करतात.

तिसरी गोष्ट बिनपैशाची. नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा तिन्हीसांजेला मैदानात, झाडापासून दूर बसून, चिंचेवरून किती वाघळे उडाली ते मोजावे. आणि विहिरीपाशी, नदीवर, पाटावर कुठले चतुर दिसले ते फोटोसह वहीत लिहावे. तारीख, वेळ, जागा. बस. डेव्हिडसनच्या प्रामाणिक चिठ्ठीने 113 वर्षांनी रानपिंगळा सापडून दिला. आपल्या नववीच्या वहीतून पुढे काय सापडेल, ते आज कोणी सांगावे? मोजणी कशी करायची ते शिकवायला मी येईन. धुळ्याहून एसटीने येणे मला जमते.

मित्रहो, आपल्यातले काही पुण्याहून आले, काही सुरतेहून, काही थेट परदेशातून. जेवणाच्या सुटीत चारचारदा मागच्या आवारात चक्कर मारून आलात, मी पाहिले. नवी इमारत बघायला कुणी गेले नव्हते. आपली शाळा ओळखू आली ती त्या चिंचेवरून. लाल यादीतले ते वाघूळ आणि तो चतुर वाचवणे आपल्या हातात नाही. ते मेघमलई आणि दक्षिणेतल्या ओढ्यांवरच्या माणसांचे काम आहे. पण त्यांचे साधेसुधे भाऊबंद आपल्या चिंचेवर आणि आपल्या विहिरीवर आहेत. यादीत नाव चढल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी लक्ष दिलेले स्वस्त पडते, हे कच्च्या मुलांची जादा तासिका घेणाऱ्या आपल्या शिक्षकांनी आपल्याला दाखवून दिलेले आहे.

प्रस्ताव लेखी आणला आहे. दुपारी बैठकीत मांडीन. विरोधात बोलणाऱ्यांनी जरूर बोलावे. फक्त आधी एकदा संध्याकाळी साडेसहाला त्या झाडाकडे तोंड करून दहा मिनिटे उभे राहावे, ही विनंती.